स्तोत्रसंग्रहाच्या एकवीस प्रती

वाचकहो, माझ्या तोंडून वाकडा शब्द निघालेला पंचवटीत कुणी ऐकलेला नाही! हवं तर कारंज्यापासून गंगेपर्यंत (आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो) कुणालाही विचारा. आमचा दूधवाला दुधात पाणी घालतो की पाण्यात दूध, हे अजून ठरायचंय. तरी मी त्याला इतकंच म्हणते, "दादा, म्हशीला जरा कमी पाणी पाजत जा." रिक्षावाल्याने साडीवर चिखल उडवला तर "माफ करा हं" मीच म्हणते.

सोमवार, संकष्टी, प्रदोष हे तर माझं नेहमीचंच. पण दर चातुर्मासात मी एक जास्तीचा नेम धरते. एका वर्षी लाख वाती वळल्या. एका वर्षी चप्पल सोडली. आणि दोन हजार आठ साली, देवळात कीर्तनाला आलेल्या एका बुवांनी सांगितलं म्हणून धरलं वाणीचं व्रत! चार महिने कुणाला कठोर बोलायचं नाही. मनात जे जे कठोर येईल ते रोज संध्याकाळी खरं खरं लिहून काढायचं. मागे वळून वाचायचं नाही. आणि कार्तिकी एकादशीला, सूर्यास्ताच्या वेळी, ते कागद न वाचता गंगेत सोडायचे. "मनातला मळ वाहून जातो," बुवा म्हणाले.

मला वाटलं, माझ्या मनात मळ असून असून असणार किती? चार महिन्यांत एक पोस्टकार्ड भरेल!

पहिल्या दिवशी संध्याकाळी लिहायला बसले ती उठले तेव्हा देवापुढचं तेल संपलं होतं.

आता हे ठेवायचं कुठे? आमचे हे, म्हणजे ढुंढिराज, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून घरात दिसेल तो कागद वाचतात. भेळेचा पुडासुद्धा उलगडून, सपाट करून, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि माझ्या मोठ्या नणंद, गोदाअक्का, राहतात दोन गल्ल्या पलीकडे, पण जीव सगळा माझ्या स्वयंपाकघरात. आल्या की आधी फडताळ उघडतात, मग गादी उचलून बघतात, मग मला विचारतात, "बरी आहेस ना?"

उरला संगणक. ह्यांनी निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने घेतलेला, आणि तो चालवायला त्याच्यावर लिनक्स नावाची प्रणाली. लिनक्स का, तर ते सगळ्यांचं असतं, कुणा एकाचं नसतं, आणि अडलंनडलं तर अनोळखी माणसंही मदतीला धावतात. हे असं सांगतात की मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात! पुण्याला असलेल्या आमच्या लेकीने, वल्लरीने, मला त्यावर मराठी लिहायला शिकवलं होतं. मी एक फाइल उघडली आणि तिला नाव दिलं 'स्तोत्रसंग्रह'. आमच्या घरात स्तोत्र म्हटलं की सगळे नमस्कार करतात. उघडून बघत कुणी नाही!

एकशे अठरा दिवस मी रोज लिहिलं. वर आवाज मऊ, आत फाइल भरतेय. अक्का एकदा म्हणाल्यासुद्धा, "ज्योत्स्ना, यंदा तुझ्या चेहऱ्यावर काय तेज आलंय गं!"

एकादशीला आठवडा राहिला आणि मी छापायला बसले.

प्रिंटर हलेना. दिवा हिरवा, कागद भरलेला, पण आवाज नाही की हालचाल नाही. मी काही घाबरले नाही. देवाचं काम एका खेपेत होतं कधी? समोर निरांजन लावलं, एकवीस आवर्तनांचा संकल्प सोडला, आणि रोज तीन याप्रमाणे सात दिवस छापायचं बटण दाबलं. मध्ये एकदा फोन वाजला आणि दोन नंबरचं आवर्तन खंडित झालं, तर त्या दिवसाचं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पोथीला आपण तसंच करतो ना?

पहिल्या दिवशी काहीच निघेना तेव्हा ह्यांनी सुचवलं, "अगं, मंडळाला विचार की!"

मंडळ म्हणजे जिल्ह्यातल्या, आणि जिल्हा सोडून जगभर पांगलेल्या, लिनक्सवाल्यांची संगणकावरून चालणारी पत्रांची यादी. आपण एक पत्र टाकायचं, ते सगळ्यांना जातं, आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. नियम एकच: प्रश्न सुटला की तो कसा सुटला ते नमुन्यासकट मंडळात लिहायचं, म्हणजे पुढच्या अडलेल्याला उपयोग होतो. किती सात्त्विक नियम! मी लिहिलं:

"सर्व आदरणीय बंधुभगिनींना ज्योत्स्नाचा सप्रेम नमस्कार. आपण सर्व कुशल असाल अशी श्रीचरणी प्रार्थना. इकडे सर्व क्षेम. आमचा प्रिंटर मौन धरून बसला आहे. कृपया मार्गदर्शन व्हावे."

पहिलं उत्तर विंचूरच्या कुणा दिनेशचं आलं. "ताई, कुठला प्रिंटर? कुठली आवृत्ती? काय केलं, काय दिसलं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही! दुसऱ्याने लिहिलं, "आधी माहितीपुस्तिका वाचा." तिसरं उत्तर सिन्नरच्या हिरामण नावाच्या गृहस्थांचं. "वहिनी, प्रिंटर चालू आहे का?"

मी तिघांचे आभार मानणारं गोड पत्र लिहिलं. आणि संध्याकाळी फाइल उघडून तिघांची नोंद केली. एकशे बारावा दिवस.

पुढचे पाच दिवस मंडळाने जे जे सांगितलं ते ते केलं. वायर काढून लावली. संगणकाच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात मंत्रासारख्या ओळी लिहिल्या, एकेक अक्षर तपासून. प्रिंटर ढिम्म! बाहेर दुकानात छापायला द्यावं तर दुकानदार वाचणार. हाताने उतरवून काढावं तर मलाच वाचावं लागणार. शेवटी शनिवारी दुपारी मी कळवळून लिहिलं, "उद्या सूर्यास्तापूर्वी छापून मिळणे अत्यंत आवश्यक. व्रताचा प्रश्न आहे."

एकादशीला पहाटे उठून मी मौन धरलं. साधंसुधं नव्हे बरं का, काष्ठमौन! म्हणजे बोलायचं तर नाहीच, पण खूण करायची नाही, लिहून दाखवायचं नाही, मान हलवायची नाही. लाकडासारखं राहायचं. नुसतं मौन काय, कुणीही करतं. मला जरा अंगात आलं होतं, हे कबूल करते.

पूजा आटोपून बाहेर आले तर हे संगणकापुढे बसलेले, चेहरा कसा फुललेला!

"अगं, हिरामणभाऊंचं उत्तर आलंय. 'वहिनी, काळजी करू नका. रविवारी आम्हाला सुट्टी असते. मंडळातले आम्ही चौघं दुपारी घरी येतो. व्रत मोडू देणार नाही.' बघ, याला म्हणतात माणुसकी!"

चार परकी माणसं! माझ्या फाइलीशी! 'नको, कळवा त्यांना, येऊ नका' हे पाच शब्द माझ्या घशापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. मी लाकडासारखी बघत राहिले.

"आनंदाने गहिवरलीस ना?" हे म्हणाले.

दुपारी तीनला चौघं आले. हिरामणभाऊ चाळिशीचे, मोठ्या मिशांचे, सिन्नरच्या कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर असलेले. आल्या आल्या त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

"वहिनींचं आज मौन आहे," हे म्हणाले.

"असू द्या, असू द्या. यंत्रं बी बोलत नायत. आपल्याला सवय हाय."

ते संगणकापुढे बसले, काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली आणि मिशीतल्या मिशीत हसले. "अरे वा! वहिनींनी तर लय मोठं काम काढलंय! हे बघा, रांगेत काय उभं हाय. स्तोत्रसंग्रह, स्तोत्रसंग्रह, स्तोत्रसंग्रह... एकवीस वेळा!"

मला प्रथम अर्थच लागेना. मग हळूहळू लागला, आणि पायाखालची फरशी थंड झाली. मी दर वेळी बटण दाबलं ते वाया गेलंच नव्हतं! संगणकाने माझं एकेक आवर्तन जपून ठेवलं होतं. फोन वाजला त्या दिवशीची दोन तो तेवीस धरून बसेल म्हणावं, तर तेही नाही. त्या दोनांवर मी स्वतःच समोर दिसलेलं 'रद्द'चं बटण दाबलं होतं, खंडित म्हणून. नेमकी एकवीस!

"एकवीस प्रती!" हे खुर्चीतून उठलेच. "अगं, उद्यापनाला वाटायला छापत होतीस? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस! थांब, अक्काला फोन करतो. आशावहिनींनाही बोलावतो. वाण घ्यायला सवाष्णी नकोत का?"

वाचकहो, माझं काय झालं असेल! बाहेरून मी शिसवी लाकडाची बाहुली, आत नुसता हलकल्लोळ. हे फोनवर सांगत होते, "हो, हो, स्तोत्रं! स्वतः लिहून काढलीत तिने. चार महिने बसत होती रोज!"

पंधरा मिनिटांत अक्का हजर. मागोमाग शेजारच्या आशावहिनी, नवी साडी नेसून, हातात नारळ.

आणि तेवढ्यात प्रिंटरने 'खर्रर्र' केलं. सात दिवस मेल्यासारखा पडलेला प्रिंटर हिरामणभाऊंनी एक गोष्ट चालू करताच असा काही उठला, की जणू त्याच्याच घरचं कार्य!

खूण करायची नाही, बोलायचं नाही. पण पायाने काही करू नये असं बुवांनी सांगितलं नव्हतं! मी सहज भिंतीशी गेले आणि अंगठ्याने वायर ओढली. प्रिंटर बंद.

"वहिनी, पाय लागला तुमचा," एकाने वायर परत लावली. "काही बिघडत नाही. जिथं थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं. रांग लक्षात असते त्याच्या."

मी ट्रेमधले कागद उचलले आणि पदराखाली धरून आत जाऊ लागले.

"कागद संपले वाटतं!" हे आनंदाने ओरडले आणि कपाटातून पाचशे कागदांचा कोरा गठ्ठा घेऊन आले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काही आणायला विसरलेला माणूस, कागद मात्र दोन गठ्ठे आणून ठेवतो!

पहिलं पान बाहेर आलं. अक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं. मी डोळे मिटले. आता ऐकू येईल... आता...

"अगं बाई," अक्का हळूच म्हणाल्या, "हे तर यंत्र आहे!"

मी डोळे उघडले. पानभर नुसते चौकोन! ओळीच्या ओळी, रिकामे, टिपटॉप चौकोन. एक अक्षर दिसेल तर शपथ! देवा, तू किती दयाळू आहेस! त्या क्षणी मी लिनक्सला मनोमन साष्टांग नमस्कार घातला.

"श्रीयंत्रात त्रिकोण असतात ना?" आशावहिनींनी शंका काढली.

"हे वेगळं असेल. दुर्मीळ असेल," अक्कांनी पान देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं आणि त्यावर हळदकुंकूही वाहिलं. मी लाकूड नसते तर तिथेच नाचले असते.

पण हिरामणभाऊ पान निरखत होते. "यंत्र नाय हे, अक्का. मराठीचा फाँट पोचत नाय प्रिंटरपर्यंत. अक्षर सापडलं नाय की तो चौकोन काढून मोकळा होतो." त्यांनी रांगेतल्या सगळ्या प्रती रद्द करून टाकल्या.

रद्द! एकवीसच्या एकवीस! मला तर रडू यायला लागलं.

"बघा, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं," हिरामणभाऊंचा आवाज भरून आला. "वहिनी, रडू नका. हा हिरामण अर्धवट काम सोडून जात नाय. दोस्तांनो, विंचूरच्या दिनेशला फोन लावा!"

मग जे सुरू झालं त्याला यज्ञ म्हणा! एक जण फोनवर दिनेशशी बोलतोय, दुसरा फाँट शोधतोय, तिसरा काळ्या खिडकीत ओळी लिहितोय. मंडळात पत्र टाकलं तर पाच मिनिटांत चांदवडहून, नागपूरहून, थेट परदेशातून उत्तरं! कोण कुठली माणसं, कधी मला पाहिलेलं नाही, पण रविवारची दुपार मोडून, जीव तोडून माझ्या नाशासाठी झटत होती!

माझी एकच आशा उरली होती. छापण्याआधी तपासायला कुणी फाइल उघडेल, पहिली ओळ वाचेल, आणि भला माणूस असेल तर गुपचूप मिटेल.

एकाने विचारलंच, "उघडून बघू का एकदा?"

हिरामणभाऊंनी त्याचा हात धरला. "खुळा का काय! सकाळी अंडाभुर्जी खाऊन आलास तू. वहिनींची पोथी हाय ती. न उघडता इथूनच छापता येतं." आणि त्यांनी खरोखरच, हात जोडून, फाइल न उघडता एकवीस प्रतींचा हुकूम सोडला.

सव्वाचारला पहिलं पान बाहेर पडलं. काळंभोर, ठसठशीत, काना-मात्रा-वेलांटीसकट सुंदर मराठी! चौघांनी टाळ्या वाजवल्या. हिरामणभाऊंनी तिथल्या तिथे, पान न वाचता, मंडळाला पत्रही लिहून टाकलं, आणि ते काय लिहितायत याकडे बघायला मला शुद्ध कुठे होती? आशावहिनींनी नारळ वाढवला. आणि हे म्हणाले, "अक्का, तुझा मान मोठा. पहिलं स्तोत्र तू वाच."

अक्कांनी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि आरतीच्या चालीवर सुरू केलं:

"दिवस पहिला. आज अक्का आल्या. खिचडी मऊ झालीय, दात नसलेल्यांना बरी, असं म्हणाल्या..."

चाल तिथे थांबली. पण अक्का थांबल्या नाहीत.

"'...मी म्हटलं, हो अक्का. मनात म्हटलं, तुमच्यासाठीच मऊ केली, परवा चिवडा खाताना कवळी माझ्या ताटात उडाली होती म्हणून.'"

घरात फक्त प्रिंटरचा आवाज. खर्रर्र. खर्रर्र. एकेक प्रत बाहेर पडतेय.

ह्यांनी घाईघाईने दुसरं पान ओढलं. कुणाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून असेल, पण मोठ्याने वाचलं! "'दिवस अठरावा. हे भेळेचा पुडा वाचत बसले. तोंडाने म्हटलं, काय लिहिलंय हो? मनात म्हटलं, तीस वर्षांत माझा चेहरा एवढ्या लक्षपूर्वक वाचला असता तर...'" पुढचं त्यांनी मनातच वाचलं.

मग काय! ज्याच्या हाती जे पान लागेल ते तो वाचू लागला. वाण वाटायला म्हणून बोलावलेली माणसं, प्रत्येकाला आपापली प्रत मिळाली! हिरामणभाऊ सातव्या पानावर पोचले तेव्हा त्यांच्या मिशा खाली आल्या.

"'एकशे बारावा दिवस,'" ते पुटपुटले. "'सिन्नरच्या कुणा हिरामणने विचारलं, प्रिंटर चालू आहे का. मनात म्हटलं, नाही हो, देव्हाऱ्यात ठेवून काकडआरती करतेय!'"

सगळे माझ्याकडे बघत होते. घड्याळात पाच वाजत होते. सूर्यास्ताला पाऊण तास! एक शब्द बोलले असते, 'अहो, चुकलं माझं' एवढाच, तर मन मोकळं झालं असतं आणि व्रत मोडलं असतं. न बोलावं तर ही माणसं कायमची तुटणार. अक्कांचा चेहरा लालबुंद झालेला. तरी मी उभीच. लाकूडही असं उभं राहणार नाही.

अक्कांनी सगळीच्या सगळी सात पानं वाचून काढली. मग बोटाने मोजलं. मग पहिल्या पानावर येऊन पुन्हा मोजलं.

"एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

"एकशे अठरा दिवसांत एकेचाळीस नोंदी माझ्या! अरे ढुंढ्या, तुला आठवतं का मी मागच्या बुधवारी काय म्हणाले? नाही ना? हिला शब्दन् शब्द आठवतो! या घरात माझं बोलणं कुणीतरी ऐकतं म्हणायचं!" त्यांनी चष्मा पुसला. "फक्त बावन्नावा दिवस चुकलाय. मोदकांना नाही मी नाव ठेवलं, सारणाला ठेवलं. दुरुस्त कर. पेन कुठाय?"

मला हुंदका आला. काष्ठमौनात हुंदका चालतो की नाही, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

दुखावल्या त्या आशावहिनी. त्या कोपऱ्यात प्रत उलटीपालटी करत होत्या. "आठ वर्षं शेजारी राहतेय मी," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "माझी एकच नोंद. 'दिवस साठावा. आशावहिनी येऊन गेल्या. काही वाटलं नाही.' काही वाटलं नाही! म्हणजे मी इतकी बिनमहत्त्वाची?"

अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "होईल हो. हळूहळू होईल."

आता प्रश्न विसर्जनाचा. न वाचता सोडायचं होतं, आणि इथे तर वाचनाचा सप्ताह झाला होता. ह्यांनी निवाडा दिला, "लिहिणारीने वाचायचं नाही, असा त्याचा अर्थ. तिने कुठे वाचलंय? आपण वाचलं." त्यांचा आवाज कधी नव्हे तो मवाळ होता. मग एक प्रत फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिली. बाकीच्या? बाकीच्या कुणी परत देईना! अक्कांनी आपली प्रत पिशवीत घालून वर चेन लावली.

पावणेसहाला आम्ही सगळे रामकुंडावर. हे, अक्का, आशावहिनी आणि मागे ते चौघं, अंत्ययात्रेसारखे गप्प. सूर्य टेकला. मी फडकं पाण्यात सोडलं, ते फिरलं, भिजलं, गेलं. एकशे अठरा दिवस! मन खरंच हलकं झालं. मौन सुटल्यावर पहिला शब्द 'राम' उच्चारायचा, हे मी चार महिने आधी ठरवलं होतं. हात जोडले. ओठ उघडले.

"वहिनी," मागून हिरामणभाऊंचा आवाज आला, "एक चूक झालीय माझ्याकडनं. पहिलं पान नीट आलं ना, तवा मी आनंदाच्या भरात मंडळात उत्तर टाकलं. आपला नियमच हाय, नमुन्यासकट टाकायचं. तर ते पहिलं पान... समद्यांना गेलं. आठशे लोकांना."

आणि वाचकहो, एकशे अठरा दिवस आणि एक अख्खं काष्ठमौन पाळल्यानंतर, भर रामकुंडावर, सूर्यास्ताच्या पवित्र वेळी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

"मेल्या!!"

पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. दोन गुरुजी संध्या करता करता वळून बघायला लागले. हिरामणभाऊ चार पायऱ्या मागे सरले. हे आ वासून उभे. अक्कांनी मात्र शांतपणे पिशवीची चेन उघडली, प्रत काढली, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पेनाने लिहिलं, 'दिवस एकशे एकोणिसावा'.

त्या पहिल्या पानाचं पुढे काय झालं, ते सांगायलाच हवं. ज्यांना ज्यांना मराठी छापताना चौकोन येत होते, त्यांना त्यांना मंडळाने ते चाचणीचं पान म्हणून दिलं. कारण त्यात म्हणे सगळी जोडाक्षरं आहेत, आणि शाई भरपूर लागते! आजही कुठून कुठून पत्रं येतात. कोल्हापूरहून एक गुरुजी लिहितात, 'ताई, दिवस तिसरा स्वच्छ आला, आभारी आहे.' न्यू जर्सीहून कुणी विचारतं, 'दिवस तिसऱ्यातली घोरण्याची ओळ उजवीकडे कापली जाते, उपाय सांगा.' दिवस तिसरा म्हणजे, 'हे घोरतात की मोहदरीच्या घाटात भरलेला ट्रक चढतोय, काही कळत नाही.' हे ती पत्रं वाचतात आणि स्वतः उत्तरं देतात, समास कसा वाढवायचा ते सांगतात. काय करणार? मंडळाचा नियम आहे!

आशावहिनी हल्ली रोज येतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. बिचाऱ्या मनापासून प्रयत्न करतात.

पुढच्या चातुर्मासात मी पडवळ सोडलं. पडवळ सोडलेलं बरं. ते कुणाला वाचता येत नाही.